माझूआईचा कौल चोरीला जातो

१

शीवेईच्या देवळात चोरी झाली हे दुपारची वामकुक्षी उरकून गाव परत आलं तेव्हा उघडकीला आलं, आणि चोरानं काय नेलं ते कळल्यावर तर गावानं कपाळालाच हात लावला. समुद्रदेवी माझूआईच्या गळ्यातली सोन्याची पदकं जागच्या जागी होती. दानपेटी जागच्या जागी होती. सौरऊर्जा कंपनीनं आणलेले अननसाच्या केकचे डबेसुद्धा कुणी उघडले नव्हते, आणि शीवेईत केकचा डबा दुपारभर शाबूत राहणं हा खरं तर वेगळा चमत्कार म्हणायला हवा. गेल्या होत्या त्या फक्त कौलाच्या फाका.

चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन फाका, बांबूच्या मुळाच्या, एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूनं फुगीर. देवीपुढे प्रश्न विचारायचा आणि फाका जमिनीवर टाकायच्या. एक उताणी नि एक पालथी पडली, की आई हो म्हणाली. दोन्ही पालथ्या, तर नाही. आणि दोन्ही सपाट बाजू वर करून उताण्या पडल्या नि डुलायला लागल्या, तर आई हसली. म्हणजे तुझा प्रश्नच धड नाही, नीट विचारून ये. या फाकांवर शीवेईतली लग्नं ठरली होती आणि मोडलीही होती. आज त्यांच्यावर अख्ख्या गावाचं ठरायचं होतं: मासळीच्या तळ्यांवर सौर पॅनेल बसवायचे की नाही. लागोपाठ तीन होकार आले तर करार, नाहीतर कंपनीनं आपले केक उचलून ताइपेइला परतायचं.

"आईचा कौल चोरला!" देवळाच्या पायरीवरून अध्यक्ष त्साई तेंगफेंग ओरडत होते. देवस्थान समितीचे ते अध्यक्ष, गावातल्या निम्म्या तळ्यांचे मालक, आणि ही सौरऊर्जा गावात यावी म्हणून सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेला माणूस. आज नवा कोट घातला होता आणि त्याच्या काखा भिजून चिंब झाल्या होत्या. "शीवेईच्या तोंडाला काळं फासलं हो कुणीतरी!"

"वीजकेंद्राच्या कोळशाच्या धुराड्यांनी फासायला जागा ठेवलीय होय?" गर्दीतून सिउचू म्हणाली. मग सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळलेल्या पाहून तिनं कमरेवर हात ठेवले. "माझ्याकडे काय बघता? मी काय खाल्ल्या का फाका?"

माना वळायला कारण होतं. सिउचूचं तळं अध्यक्षांच्या मालकीचं. अध्यक्षांच्या वडिलांनी ते तिच्या सासऱ्याला कसायला दिलं ते चहाच्या पेल्यावर, तोंडी. कागद म्हणून कधी झाला नाही. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं त्यात दूधमासे वाढवले होते. आता कंपनी करार करणार तो मालकाशी. पॅनेल आले की मालकाला भाडं आणि सिउचूला रस्ता. आईनं आज हो म्हणू नये असं साऱ्या शीवेईत जर कुणाला वाटत असेल, तर ते तिला.

"गप्प बसा सगळे," कोपऱ्यातून आवाज आला. "आणि रांग लावा."

सगळ्यांनी खरंच रांग लावली. आवाज लो बाईंचा होता. बाईंनी उभा जन्म गावच्या शाळेत काढला होता आणि आता निवृत्तीनंतर देवळात टेबल मांडून भाविकांनी काढलेल्या भविष्याच्या चिठ्ठ्यांचा अर्थ सांगत असत. समोरचं बहुतेक गाव त्यांच्या हातून कधी ना कधी नापास झालेलं होतं, त्यामुळे हवालदारापेक्षा त्यांचा धाक मोठा. ठाण्यावर फोन केला होता, पण 'दोन लाकडं, किंमत किती?' एवढंच विचारून हवालदारानं तो ठेवून दिला होता.

बाई देवीपुढे गेल्या. गुडघे टेकायची गादी एका बाजूला सारलेली होती आणि तिच्या जागी प्लास्टिकचं एक बुटकं लाल स्टूल.

"हे इथं कुणी आणलं?"

"माझं आहे ते, बाई," पुजाऱ्याचं काम करणारे बून काका रांगेतूनच म्हणाले. "जेवायला बसतो मी त्यावर. बाहेर वडाखाली होतं."

बाईंनी स्टूल उचलून बाजूला ठेवलं. खाली फरशीवर तपकिरी रंगाचा एक बारीकसा ओरखडा होता. त्यांनी बोट फिरवून नाकाशी नेलं. ताज्या पॉलिशचा वास. आईच्या फाका तर तीन पिढ्यांच्या हातांनी घासून अशा झाल्या होत्या, की त्यांच्यावर रंगाचा टिपूसही उरला नव्हता.

बाईंनी बोट रुमालाला पुसलं आणि तो घडी करून पिशवीत ठेवला.

२

"बून, तू दुपारी जागा होतास?"

"हो बाई. डोळे मिटून जागा होतो."

"शाळेतसुद्धा हेच सांगायचास."

बून काका खजील झाले. मग म्हणाले, "पण ऐकलं मी. खोटं नाही सांगत. टक-टक, मग पुटपुट. पुन्हा टक-टक, पुन्हा पुटपुट. किती वेळ चाललं होतं! मला वाटलं, लॉटरीचा आकडा विचारायला कुणी आलं असेल. ती माणसं दमत नाहीत."

"बाई होती की पुरुष?"

"पुटपुटण्यात कसलं आलंय बाई नि पुरुष? शेवटी मात्र नाक ओढल्याचा आवाज आला. रडल्यासारखा."

"आणि तू उठला नाहीस?"

"देवीपुढे कुणी रडत असलं तर मध्ये जाऊ नये, बाई."

हे उत्तर लो बाईंना आवडलं. बून काकांना त्यांच्याकडून जन्मात पहिल्यांदा मान डोलावून मिळाली, आणि त्या भरात काकांनी सगळ्या गावाला ऐकू जाईल असा आपला निष्कर्षही सांगून टाकला. "सरळ आहे! चोरानं चोरी करायला आईचीच परवानगी मागितली. आई नाही म्हणाली. म्हणून तो पुन्हा पुन्हा टाकत राहिला, आणि शेवटी वैतागून फाकाच घेऊन गेला."

रांगेतल्या सगळ्यांना हे पटलं. न विचारता देवीची वस्तू कोण उचलेल? त्यांनी स्वतः चोरी केली असती तरी आधी विचारूनच केली असती.

लो बाईंना मात्र पटलं नाही. शीवेईच्या माणसाला आईनं दोनतीनदा नाही म्हटलं, की तो बाहेर येऊन नशिबाला शिव्या देतो आणि तळलेला मासा खायला जातो. नकार ऐकत कुणी तासभर बसत नाही. मग हा कशाला बसला होता?

३

कंपनीचे येन साहेब गाडीत गारवा लावून बसले होते. बाईंनी काचेवर टकटक केली.

"बाई, ती लाकडी केळी सापडली का?"

"केळी?"

"ती, फेकायची. नाहीतर नवी मागवता येतील का? संध्याकाळपर्यंत येतात हल्ली."

बाईंनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. सकाळी हाच माणूस देवळात बाहेर पडायच्या दारानं आत शिरला होता आणि गाव अवाक झालं होतं. कौलाला केळी म्हणणारा माणूस देवीपुढे बसून दुपारभर पुटपुटेल कशाला, आणि कुठल्या तोंडानं? येन साहेबांना त्यांनी मनातल्या मनात खोडून टाकलं.

"तुम्हाला एवढी घाई कसली?"

"अहो, आईचा होकार नक्की आहे असं मी वरिष्ठांना कळवून बसलोय. अध्यक्षांनीच तसा शब्द दिला होता. गेल्याच महिन्यात."

"आईच्या उत्तराचा शब्द अध्यक्षांनी दिला?"

"मला वाटलं, तुमच्याकडे असंच असतं," येन साहेब म्हणाले आणि काच वर गेली.

अध्यक्ष वडाच्या पारापाशी होते. बाकीची मंडळी उकिडवी बसून तर्क लढवत होती. अध्यक्ष तेवढे खोडाला टेकून उभे, डावा हात गुडघ्यावर. हिवाळ्यात त्या गुडघ्यात पोलाद बसवलं होतं आणि तो अजून नीट वाकत नव्हता.

"दुपारी कुठं होतास, तेंगफेंग?"

"घरी. झोपलो होतो." मग त्यांना राहवलं नाही. "बाई, थंडीची लाट आली की एका रात्रीत तळ्यात पांढरी चादर पसरते, मेलेल्या माशांची. पोरं शहरात गेली ती परत येत नाहीत. वर धुराडी धूर ओकतायत. हे पॅनेल आले तर गावाला बारमाही मिळकत होईल, हवा स्वच्छ होईल. मी हे स्वतःसाठी करतोय का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तू स्वतःसाठी कधीच काही केलं नाहीस. वर्गात पहिला येणारा मुलगा तू."

त्यांना एकदम भूमितीची ती परीक्षा आठवली. वर्गातल्या मठ्ठांनी पेपर कोरे दिले होते आणि चिठ्ठी सापडली होती ती नेमकी पहिल्या नंबरच्या मुलाच्या बाहीत. का केलंस रे, असं विचारल्यावर तो म्हणाला होता, 'उत्तर येत होतं, बाई. पण चुकलं असतं तर?'

तेवढ्यात बांधाकडून आरोळी आली. "सापडल्या! कौल सापडला! सिउचूच्या तळ्यात!"

४

फाका पाण्यावर तरंगत होत्या, पाणी घुसळणाऱ्या चाकाच्या जरा पलीकडे. दूधमासे त्यांना ढुशा देऊन, हे खाण्याचं नाही असं ठरवून परत जात होते. सारं गाव बांधावर जमलं आणि हां हां म्हणता निकाल लागला.

"चोर तर चोर, वर शिरजोर!"

"आईच्या वस्तूला हात लावणारीला तळं कशाला? आजच काढून घ्या, अध्यक्ष!"

अध्यक्ष पांढरेफटक पडले होते. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही.

"मी?" सिउचूचा आवाज चिरकला. दिवसभर टोमणे मारणाऱ्या त्या बाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "अरे, मी चोरल्या असत्या तर चुलीत घातल्या असत्या! माझ्याच तळ्यात टाकेन? लाकूड कुणी पाण्यात लपवतं का? ते तरंगतं, गाढवांनो!"

"पुन्हा म्हण," लो बाई म्हणाल्या.

"गाढवांनो?"

"त्याच्या आधीचं."

"लाकूड तरंगतं."

बाई तळ्याकडे एकटक बघत राहिल्या. एक फाक उताणी होती, दुसरी पालथी. चाकाच्या पाण्यानं त्यांना कलंडवलं, गिरकी दिली, आणि त्या पुन्हा एक उताणी, एक पालथी.

"जाळ्यानं काढ त्या, सिउचू."

ओल्या फाका हातात घेताच बाईंच्या तळव्याला तपकिरी रंग लागला. त्यांनी त्या बांधावर टाकल्या. एक उताणी, एक पालथी.

"आई हो म्हणाली!" बून काका हात जोडून म्हणाले.

"कशाला? मी अजून काही विचारलेलंच नाही." बाईंनी फाका उचलल्या. "आई, बून कधी जागा राहून काम करतो का?" टाकल्या. होकार. गाव फिसकन हसलं. "आई, हे दूधमासे उद्या उडत ताइपेइला जातील का?" होकार. "आई, येन साहेब शीवेईचे घरजावई होणार का?"

होकार. येन साहेब दोन पावलं मागे सरले. गाव खो खो हसलं, आणि मग हळूहळू ते हसू विरून गेलं.

"या आईच्या फाका नाहीत," बाई म्हणाल्या. "नकली आहेत, वर जुनं दिसावं म्हणून पॉलिश मारलंय. एकीच्या पोटात शिसं, दुसरीच्या पाठीत. कशाही टाका, हो म्हणणार. आता तुम्हीच सांगा. सिउचू तळ्यावरच म्हातारी व्हायला लागलीय, ती लाकूड लपवायला पाणी शोधेल का? पाण्यात लाकूड बुडेल असं कुणाला वाटेल?"

बाईंनी रंग लागलेला तळवा सगळ्यांना दाखवला.

"ज्याला आत शिसं आहे हे ठाऊक आहे, त्याला. बिचाऱ्याचा अंदाज चुकला. सुतारानं शिशात हात आखडला असणार."

प्रत्येकजण शेजाऱ्याकडे संशयानं बघत होता, आणि बाईंनी अजून कुणाचंच नाव घेतलं नव्हतं.

"देवळात चला," त्या म्हणाल्या. "सगळे."

५

देवळात बाईंनी पहिलं काम केलं ते म्हणजे लाल स्टूल उचलून पुन्हा देवीपुढे ठेवलं.

"शाळेत खडू हरवला की मी काय करायची, आठवतंय? डोळे मिटा. सगळ्यांनी. येन साहेब, तुम्हीही. बून, झोपू नकोस. ज्यानं केलं असेल त्यानं हात वर करायचा. मी बघेन आणि कुणाला सांगणार नाही."

पन्नाशी-साठीची माणसं डोळे घट्ट मिटून उभी राहिली. काहींनी सवयीनं हातही मागे बांधले. लो बाईंनी एकटीनं डोळे उघडे ठेवले आणि पाहिलं. हात वर आला होता, भिजल्या काखेचा.

"ठीक आहे," बाई हळूच म्हणाल्या. "हात खाली घे, बाळ. उघडा डोळे."

गावानं डोळे उघडले. अध्यक्ष त्साई तेंगफेंग यांचा हात तसाच वर होता. त्यांनी तो खाली घेतला नव्हता.

"मीच केलं," ते म्हणाले. "काम चांगलं होतं. एका नकारानं बुडू नये असं वाटलं. म्हणून त्या करवून घेतल्या आणि सकाळी बदलल्या. दुपारी म्हटलं, निदान आईच्या कानावर घालावं. विचारलं, गावाच्या भल्यासाठी एवढं चालेल ना? हो म्हणाली. जीव हलका झाला. मग वाटलं, आणखी एकदा विचारावं. मी लबाड आहे का? हो. रागावलीस का? हो. रागावली नाहीस ना? तरी हो! मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईला नाही म्हणायची सोयच मी ठेवली नव्हती. कितीही विचारलं तरी मी माझ्याशीच बोलत होतो. त्या तिथं ठेववेनात. उचलल्या आणि जाता जाता वाटेतल्या तळ्यात टाकल्या."

"म्हणून इतका वेळ टकटक," बून काका पुटपुटले.

"नकार मिळाला असता तर तो उठून गेला असता," बाई म्हणाल्या. "होकारानंच बसवून ठेवला. स्टुलावर, कारण गुडघा टेकत नाही."

अध्यक्ष सिउचूकडे वळले. "आणि तुला चोर म्हणाले तेव्हा मी गप्प राहिलो. फाकांपेक्षा ते वाईट. अध्यक्षपद आजपासून—"

"राजीनामा देऊन सुटता होय?" सिउचू कडाडली. "अख्ख्या गावादेखत मला चोर ठरवलंत, आणि आता घरी जाऊन झोपणार? आधी आईला विचारायचं ते विचारा. खऱ्या फाकांनी."

"त्या मिळतील," बाई म्हणाल्या. "तेंगफेंगच्या घरी, पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर असतील. याहून खाली ठेवायची त्याची छाती नाही."

निरोप मिळताच अध्यक्षांची बायको लाल कापडात गुंडाळलेल्या फाका घेऊन धावत आली. "मला वाटलं, आई आमच्याकडे मुक्कामाला आल्यात! सकाळपासून उदबत्त्या लावतेय मी. दोनदा फळं ठेवली!"

अध्यक्षांनी फाका कपाळाला लावल्या. "आई, तळ्यांवर पॅनेल बसवावेत का?"

फाका पडल्या, दोन्ही उताण्या, आणि संथ डुलायला लागल्या. आई हसली होती. मग गावालाही हसू आवरेना.

"प्रश्न अर्धा आहे," लो बाई म्हणाल्या. "उरलेला अर्धा कुठं लपवलास?"

अध्यक्ष देवीकडे न बघता येन साहेबांकडे वळले. "हे आईला विचारायचं नाही, तुम्हाला सांगायचंय. जी तळी तोंडी शब्दावर कसली जातात, त्यांच्या करारात आधी कसणाऱ्याचं नाव, मग माझं. मासे जगतील एवढा उजेड मोकळा सोडायचा. हे नसेल तर आईनं शंभर होकार दिले तरी माझी सही नाही. एवढं ठरवायला मला कौल लागायला नको होता."

येन साहेबांनी घाम पुसला. "वरिष्ठांना विचारावं लागेल."

"विचारा. मी माझ्या वरिष्ठांना विचारतो." त्यांनी फाका पुन्हा जोडल्या. "आई, असा करार झाला तर पॅनेल बसवू का?"

एक उताणी, एक पालथी. पुन्हा टाकल्या. एक उताणी, एक पालथी. तिसऱ्यांदा टाकल्या. एक फाक पुढ्यातच उताणी पडली आणि दुसरी गडगडत थेट देवीच्या टेबलाखाली गेली, अगदी आत, काळोखात.

अध्यक्षांना वाकता येईना. बून काका पोटामुळे शिरू शकेनात. शेवटी सिउचूच पालथी पडून आत सरपटली. तिचे चिखलाचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. आतली फाक पालथी असेल तर तीन होकार पुरे झाले, आणि करारात पहिलं नाव तिचं.

"काय पडलीय गं?" अध्यक्षांनी विचारलं.

आतून एक सुस्कारा ऐकू आला.

"उताणी," सिउचू म्हणाली. "हसली मेली. पुन्हा पहिल्यापासून."

"पण कुणी बघितलंय कुठं?" येन साहेब कळवळून म्हणाले. "पालथीच असेल! आत अंधार आहे, पुन्हा नीट बघू या ना!"

"सिउचूनं बघितलं," अध्यक्ष म्हणाले, आणि फाक घ्यायला त्यांनी टेबलापाशी हात पुढे केला.